मागच्या वाटेचं गाणं

१० मार्च २०२४, रविवार
स्टोनी फोर्क, केंटकी

व्हर्लिन, आणि तिकडे ओहायोत तुझ्या जेवणाच्या टेबलाभोवती बसून माझी पत्रं मोठ्यानं वाचून घेणाऱ्या सगळ्या स्टिडहॅमांनो,

आपल्या सगळ्यांचं दुखणं एकच आहे. आपली धाकटी बहीण डेल्फिया हिनं अठ्ठ्याण्णव साली एक गाणं लिहिलं आणि आपल्या बापाला साऱ्या देशासमोर संपफोड्या ठरवलं. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. उत्तर द्यायला ते नव्हते, म्हणून ते गाणं आजही रेडिओवर बिनविरोध वाजतं.

तुमच्यातल्या ज्या पोरांचा जन्म ओहायोत झाला त्यांनी हे नुसतं ऐकलंय. मला ते दर वर्षी दिसतं. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही थडगी सजवायला टेकडीवर जातो. गवत कापतो, फुलं ठेवतो, चादरी अंथरून तिथेच जेवतो. चौऱ्याहत्तरच्या संपातले म्हातारे खाणकामगार गेलेल्या सोबत्यांच्या दगडांना संपाची खूण म्हणून लाल रुमाल बांधतात. आर्ली नोबल एक्क्याऐंशी वर्षांचा झालाय, गुडघे गेलेत, तरी अजून स्वतः चढतो. आपल्या बाबांच्या, हॉबर्ट स्टिडहॅमच्या, दगडापाशी आला की डोक्यावरची टोपी सारखी करतो आणि पुढे जातो. पंचवीस वेळा मी ते उभ्यानं पाहिलंय. ज्या माणसानं एकतीस वर्षं युनियनची वर्गणी चुकवली नाही, त्याचा दगड उघडा!

आता बातमी ऐका. इथल्या रेडिओ केंद्रानं डेल्फियाला बोलावलंय. शनिवारी, २५ मे रोजी, शाळेच्या व्यायामशाळेत ती आपली गाणी म्हणणार आणि कुठलं गाणं कशावरून सुचलं ते सांगणार. तिकिटं संपली. आर्लीनं मला पोस्टापाशी गाठलं.

"ओमाबाई, तुमची गाणारीण येतेय म्हणे."

"येतेय."

"मी पहिल्या रांगेत बसणार आणि एकच प्रश्न विचारणार. बाप कोळसा उपसायला चोरून गेला, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं का ऐकीव?"

"तुमच्या आधी मी विचारणार, आर्ली. रांगेत माझ्या मागे उभे राहा."

म्हातारा हसला. "तुमच्या मागे उभं राहायची सवय आहे आम्हाला."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. ट्रकच्या मागच्या फळीवर उभी राहून चारशे बायकांसमोर बोलत असे, आणि भोंगा लागत नसे. आजही लागणार नाही. तिनं माझ्याकडे राहायची परवानगी मागितली आहे, ती मी दिली. जिला जाब विचारायचा तिला आधी जेवू घालावं, एवढं आईनं शिकवलंय.

तुमची,
ओमा

१४ एप्रिल २०२४, रविवार

व्हर्लिन,

तुझं दोन पानी पत्र मिळालं. "ताई, तिला सोडू नकोस" हे वाक्य तीनदा आलंय. एकदा पुरलं असतं.

ती मंगळवारी आली. जुनी गाडी, एक गिटार, एक पिशवी. एकसष्टाव्या वर्षी केस सगळे पांढरे. दारातून आत येऊन भिंतीकडे पाहत राहिली.

"माझा फोटो होता इथे."

"आता कॅलेंडर आहे."

"कुठल्या सालचं?"

"अठ्ठ्याण्णवचं."

"खिळा तरी रिकामा नाही ठेवलास," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

मी ठरवलं होतं की हवापाण्यापलीकडे बोलायचं नाही. पण वाळवलेल्या शेंगांची भाजी आणि मक्याचा पाव पुढे ठेवला, आणि तिनं पहिला घास घेऊन डोळे मिटले. मग बोलणं निघालंच. मी मोकळेपणानं सांगते, कारण खोटं बोलून मी कधी सभा जिंकली नाही: आपली बहीण आपल्याला वाटते त्याहून फार मोठी आहे.

"ओढ्यातली गाडी" हे तिचं गाणं तू ऐकलं असशील. मी ते एकदा किराणा दुकानात ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. एक बाई महिन्यातून दोनदा, गुरुवारी, केस विंचरून ओसरीवर बसते. ओढ्याच्या पात्रातून खडखडत एक गाडी येते. गाडीतला पुरुष अर्धा तास थांबतो आणि जातो. मला वाटलं, कुणाचं तरी लफडं.

"तो पुरुष म्हणजे तू आहेस, ताई," ती म्हणाली.

मी एकतीस वर्षं फिरत्या वाचनालयाची गाडी चालवली. रस्ता नसेल तिथे ओढ्यातून घातली. खोऱ्याच्या टोकाला क्लोरा बेगली राहायची, आठवते? मी तिला अकरा वर्षं कादंबऱ्या दिल्या. दर वेळी मी विचारायची, कशी वाटली? ती म्हणायची, "शेवट पटला नाही बाई." आणि मी अर्धा तास तिच्याशी शेवटावर भांडायची. इतक्या बारकाईनं वाचणारी बाई अख्ख्या तालुक्यात नाही, असं मी अहवालातसुद्धा लिहिलं होतं.

"क्लोराला वाचता येत नव्हतं," डेल्फिया म्हणाली. "अक्षरही नाही. तुझं भांडण ऐकायला मिळावं म्हणून पुस्तकं घ्यायची. शेवट तुझ्या तोंडून कळायचा तिला."

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. आणि शपथ घातली की ओमाबाईला कळता कामा नये. म्हणून गाण्यात तुला पुरुष केलं आणि पुस्तकं काढून टाकली. बाकी सगळं खरं ठेवलं. केस विंचरणंसुद्धा. ती गेल्या वर्षी वारली. तिच्या मुलीनं फोन करून सांगितलं, आता सांग. म्हणून सांगतेय."

ही तिची कामाची रीत आहे, व्हर्लिन. प्रत्येक गाण्यात ती एकच गोष्ट बदलते: माणूस कोण, हे. ज्याची गोष्ट आहे त्याच्या अंगावर दुसऱ्याचा कोट चढवते. बाकी ओळन् ओळ खरी. आणि ज्याची गोष्ट त्यानं, किंवा त्याच्या माणसांनी, मोकळीक दिल्याशिवाय तोंड उघडत नाही. राजधानीतल्या वर्तमानपत्रवाल्यांनी विचारून विचारून हात टेकले, पण तिनं क्लोराचं नाव दिलं नाही.

"दोऱ्यातल्या शेंगा" त्याच जातीचं. त्यात युद्धावरून आलेला एका हाताचा शिपाई दातांत दोरा धरून वाळवायच्या शेंगा ओवतो. तो शिपाई म्हणजे आपली आई. गाठीच्या ऑपरेशननंतर तिचा डावा हात सुजला होता, तेव्हा ती दातांत दोरा धरायची. मी त्याच घरात वाढले, पण ते दात मला आठवत नव्हते. अकरा वर्षांच्या पोरीनं ते पाहिलं आणि पन्नास वर्षं जपलं. ती ते गाणं म्हणाली तेव्हा मला एकाएकी परसात काम निघालं.

याचा अर्थ मी विरघळले असा काढू नकोस. बाबांवरचं गाणं मी अजून ऐकलेलं नाही. अठ्ठ्याण्णव सालापासून ते लागलं की मी रेडिओ बंद करते, दुकानातून बाहेर पडते. त्यात काय आहे ते मला चारचौघांनी सांगितलंय तेवढं पुरे. प्रश्न मी विचारणारच.

ती तुझ्याबद्दल एक शब्द वाईट बोलली नाही. फक्त विचारलं, "व्हर्लिन अजून शिट्टीवर कुत्री बोलावतो का गं?"

ओमा

१२ मे २०२४, रविवार

व्हर्लिन,

हे पत्र मोठ्यानं वाचू नकोस. टेबलावरून ऊठ, गॅरेजमध्ये जा आणि एकट्यानं वाच.

एप्रिलच्या पत्राला तू फक्त एक पोस्टकार्ड पाठवलंस. "तिच्या गोड बोलण्याला भुलू नको." त्या वेळी मला ते रागाचं वाटलं. आता मला ते वेगळंच वाटतंय.

काल दुपारी डेल्फिया कार्यक्रमाची तयारी करत होती. बाबांवरचं गाणं, "मागच्या वाटेनं", सुरू केलं आणि थांबली. म्हणाली, "तू परसात जाणार असशील तर जा." मी म्हटलं, म्हण. ज्या गाण्यावर पंचवीस वर्षं भाषणं ठोकली ते एकदा ऐकावं तरी. हसू नकोस. मी इतकी पुस्तकं वाचली, न वाचता निकाल देणाऱ्यांना आयुष्यभर झोडपलं, आणि तीन मिनिटांचं एक गाणं न ऐकता माझ्या बहिणीला घराबाहेर ठेवलं.

ती म्हणाली:

*मागच्या वाटेनं माझा बाप चढतो,
रांगेकडे पाठ, अंगावर कोट,
अकरा दिवस, अकरा पाळ्या,
अकरा खोट्या सकाळी.
ओढ्यापलीकडून एकच शीळ येते,
आणि धुतलेला सदरा घेऊन मी धावते.*

मी तिला तिथेच थांबवलं.

"शीळ कुणी घातली?"

तिनं गिटार मांडीवरून खाली ठेवली.

"डेल्फिया, बाबांना शीळ घालता येत नव्हती."

तुला सांगायला नको. एकसष्ट साली खाणीच्या छताचा दगड कोसळला, वरचा ओठ फाटला, चार दात गेले. त्यानंतर ते कुत्री बोलवायला पातेलं बडवायचे. तू त्यांची नक्कल करून आम्हाला हसवायचास. त्या घरात शीळ एकालाच येत होती. तिची रीत मला महिनाभर आधीच कळली होती: सगळं खरं ठेवायचं, फक्त माणूस बदलायचा.

मी विचारलं, "कोटाच्या आत कोण होतं?"

ती म्हणाली, "ज्याची गोष्ट त्याला विचार."

म्हणून विचारते. तू तेव्हा एकोणीस वर्षांचा होतास. तुझं उत्तर मला हवंय, आणि माझ्यासारखं लांबलचक नको. हो किंवा नाही.

ओमा

२० मे २०२४, सोमवार

व्हर्लिन,

तुझं उत्तर आलं नाही. फोन दोनदा वाजला आणि मी "हॅलो" म्हटल्यावर बंद झाला. तू तिकडे श्वास घेत होतास. साठ वर्षांची ओळख आहे माझी त्या श्वासाशी.

आता मी सांगते, तू ऐक.

डेल्फियानं मला अजून तुझं नाव सांगितलेलं नाही. पण मी आईच्या ऑपरेशनबद्दल विचारलं, तेव्हा ती खोटं बोलली नाही. संपाच्या दिवसांत दवाखान्याचं कार्ड फक्त कामावर असलेल्या माणसाच्या घरच्यांना चालायचं. आईची गाठ त्याच दिवसांत कापली गेली. आपण मानत आलो की कंपनीच्या डॉक्टरला दया आली. मी तर एका भाषणात म्हटलं होतं, "कंपनीच्या डॉक्टरलासुद्धा काळीज असतं, मालकाला नसतं!" टाळ्या पडल्या होत्या. डॉक्टरला दयाबिया काही आली नव्हती. कुणीतरी अकरा पाळ्या भरल्या आणि कार्ड चालू झालं. आई त्यानंतर बावीस वर्षं जगली.

तू आमच्यापैकी कुणाला का सांगितलं नाहीस, हे मी रात्रंदिवस स्वतःला विचारलं. उत्तर मला ठाऊक आहे. ऑगस्टमध्ये, खाणीच्या दारापाशी, ट्रकवर उभी राहून मी म्हणाले होते: "जो ही संपकऱ्यांची रांग ओलांडेल तो माझ्या रक्ताचा असला तरी त्याला मी दार उघडणार नाही, आणि त्याच्या मयताला जाणार नाही." तू समोर उभा होतास, तुझ्या गळ्यात लाल रुमाल होता. सगळे ओरडले, तूही ओरडलास. वाक्य चांगलं होतं. अजून लोक मला ते म्हणून दाखवतात. तू कामावर जाण्याच्या पंधरा दिवस आधीचं होतं ते.

मी बायकांच्या मदत समितीची प्रमुख होते. पीठ, बटाटे, पोरांचे बूट, सगळ्याची यादी माझ्या हातात होती. त्या यादीत दवाखाना नव्हता. माझ्याच आईला गाठ आहे हे ऑपरेशन होईपर्यंत माझ्यापासून लपवलं गेलं, कारण कळलं असतं तर मी आधी संपाचा विचार केला असता, अशी घरातल्या सगळ्यांना खात्री होती. ती खात्री चुकीची होती असं मला म्हणायचंय. म्हणता येत नाही.

संप मोडणं चूक आहे. ते मी आजही म्हणते, आणि मरेपर्यंत म्हणेन. त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांची पोरंही आजारी होती. पण ज्या संपात एका बाईच्या गाठीला जागा नव्हती, त्या संपातही चूक होती, आणि ती माझ्या हातची होती.

बाबांचं मी डेल्फियाकडून ऐकलं, आणि तेवढं सांगायला ती मोकळी होती, कारण शीळ मी स्वतःच ओळखली होती आणि हे बोलणं त्यांचं आणि तिचं होतं. अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत बाबा फुप्फुसांनी अंथरुणाला खिळले होते. युनियननं संपकऱ्यांच्या नावांचा दगड बसवायचं ठरवलं होतं. आर्ली भेटायला आला आणि सहज बोलून गेला, "हॉबर्ट, संपात मागच्या वाटेनं चढताना पाहिला तो कोट तुझा होता, पण चाल तरण्या पोराची होती." तो गेल्यावर बाबांनी डेल्फियाला जवळ बोलावलं. बोलताना दम लागत होता.

"पोरी, लिही. मी होतो म्हणून लिही."

"बाबा, मी खोटं लिहीत नाही."

"तू नेहमी माणूस बदलतेस. मला ठाऊक आहे. या वेळी मला घाल. इथले लोक शपथेवर विश्वास ठेवत नाहीत, गाण्यावर ठेवतात."

"लोक तुमच्या दगडावर थुंकतील."

"मी खाली असेन. मला काय कळतंय? त्याला अजून जगायचंय." मग म्हणाले, "तो स्वतः सांगेल तेव्हा सांग. त्याच्या आधी कुणालाच नाही. ओमाला तर मुळीच नाही."

तिनं लिहिलं. त्या वर्षी मे महिन्यात बाबांच्या दगडाला रुमाल होता. ऑक्टोबरमध्ये गाणं आलं, आणि पुढच्या मे महिन्यात दगड उघडा राहिला. युनियनच्या सभागृहाबाहेरच्या दगडावर नावं कोरली तेव्हा तुझं नाव त्यात राहिलं, बाबांचं गेलं. आणि चर्चच्या अंगणात, सगळ्यांसमोर, डेल्फियाला "या घरात तुझं ताट नाही" असं म्हणणारा कोण होता, व्हर्लिन? मी तिथे होते. मी मान डोलावली. ती काही न बोलता गाडीत बसली. एक वाक्य बोलली असती तर तू संपला असतास. पंचवीस वर्षं तिच्याकडे ते वाक्य होतं, आणि हातात ध्वनिक्षेपक होता, आणि समोर हजारो माणसं होती.

मी पुष्कळ शूर माणसं पाहिलीत. बंदुकीसमोर उभी राहिलेली पाहिलीत. गप्प राहून इतकं शूर असलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मला लोक धीट म्हणतात, कारण मी बोलते. आपल्या घरातलं धीट माणूस मी नव्हे.

आता शनिवारचं. ती ते गाणं म्हणणार. आर्ली पहिल्या रांगेतून विचारणार, "डोळ्यांनी पाहिलंस का?" मी तिला विचारलं, काय सांगशील? म्हणाली, "सांगेन की पाहिलं. माझा बाप होता." आपल्या गावात, बाबांच्या टेकडीखाली, त्यांना ओळखणाऱ्या शेवटच्या सात म्हाताऱ्यांसमोर ती हे सांगणार. त्या सात जणांनंतर विचारणारंही कुणी उरणार नाही. बाबा कायमचे संपफोडे होतील.

मी तिथे उभी राहून खरं सांगू शकते. तू नाही म्हणालास तरी मला आवाज आहे आणि आता पुरावाही आहे. मी ते करणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी माझी पाळी नसताना बोलणार नाही. गोष्ट तुझी आहे. तिनं ती इतकी वर्षं तुझी म्हणून सांभाळली. मी ती तिच्या हातातून हिसकावून घेणार नाही.

तू घाबरतोस ते मला कळतं. आर्ली काय म्हणेल, तुझी नातवंडं काय म्हणतील. मी नातवंडांचं सांगू शकत नाही. आर्लीला मी काल सहज विचारलं, "समजा हॉबर्ट नव्हताच, दुसरा कुणी होता, आणि त्याच्या आईसाठी गेला होता, तर?" त्यानं तंबाखू थुंकली. म्हणाला, "तर मी त्याला शिव्या घालीन. मग जेवायला बसवीन. पण हॉबर्टची माफी मला कुठे मागायला मिळणार, ओमाबाई?"

आणि माझ्या दाराचं म्हणशील, तर ऑगस्ट चौऱ्याहत्तरचं ते वाक्य मी परत घेते. ट्रक नाही, टाळ्या नाहीत, पण लेखी देते आहे. हे दार तुला उघडं आहे.

तुला इथे यायला सांगत नाही. माफी मागायला, स्टेजवर चढायला, काही सांगत नाही. एकच काम कर. हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता माझ्या स्वयंपाकघरातला फोन लाव. मी फोनला हात लावणार नाही, डेल्फियाला उचलायला सांगेन आणि अंगणात जाऊन उभी राहीन. श्वास घेऊन ठेवून देऊ नकोस. तिला एवढंच म्हण: "सांग."

तुझी,
ओमा